आयनं बांधलेली वायर

आय, आज सकाळी खिळ्यावरची वायर काढली.

तू अडकवून ठेवलीस तिथेच होती, पडवीतल्या लाइटच्या बोर्डाशेजारी, तुझ्या जाळं विणायच्या सुईच्या बाजूला. तुझं सगळं झालं, पाहुणे गेले, आपली रेश्मा तिच्या सासरी उरणला गेली, तोवर त्या खिळ्याला कोणी हात लावला नव्हता. मीही नाही. पडवी झाडायचे तेव्हा खाली बघून झाडायचे. पण आज रविवार, आणि रविवारी तुझ्या लेकाचा फोन येतो. इतके दिवस ते रेश्माच्या फोनवर बोलले. आता रेश्मा नाही. तू नाहीस. घरात मी आणि हा जुना फोन.

सून आहे मी तुझी, पण ह्या घरात येऊन एवढी वर्षं झाली तरी नवऱ्याशी फोनवर सरळ बोलले नाही, हे बाहेर कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. तुला मात्र सांगायची गरज नव्हती. तूच बोलायचीस. मी वायर धरायचे.

तो फोनच तसा. ह्यांनी पहिल्या सुट्टीत आखातातून आणलेला. बॅटरी केव्हाच गेली. वायर लावलेली असेल तोवर फोन जागा, वायर निघाली की डोळे मिटले. आणि वायरीचं दुखणं तिच्या मानेत. फोनमध्ये पिन जाते तिथेच ती आतून तुटायची. बाहेरून दिसायला धड, पण जरा हलली की फोनचा लाइट बंद. मग कोणीतरी ती एका बाजूला कलती धरून बसायचं. ते कोणीतरी म्हणजे मी. तू बोर्डाखाली पाटावर, मी तुझ्या गुडघ्याला गुडघा लावून, दोन बोटांत वायरीची मान. तू बोलशील तोवर मी श्वाससुद्धा बेतानं घ्यायची.

रेश्मा किती वेळा म्हणाली, आजी, नवा फोन घेऊ या. तू म्हणायचीस, "नको गो. ह्याच्यात दत्ताचा आवाज वळखीचा येतो."

आणि बोलायचीस ते काय बोलणं! सगळ्या कोळीवाड्याला कळायचं की दत्ताचा फोन आलाय. हे टगबोटीवर कामाला, तिचं इंजिन तिकडे घरघरतंय, म्हणून तू इकडून ओरडणार.

"जेवलास काय रं? काय जेवलास? मच्छी? कसली मच्छी, ती डब्यातली काय? तिला काय मच्छी म्हणतात! इथं बोंबील आलेत ताजे, ह्या बाईनं कालवण केलाय, वाटी चाटून खाल्ली मी."

मग ते तिकडून काहीतरी विचारायचे आणि तू माझ्याकडे बघायचीस. "इचारतोय, तुझी कंबर बरी हाय काय."

मी मान हलवायची.

"मान हलवली रं तिनं. व्हय म्हणून का नाय म्हणून, ते मना नाय कळला." मग माझ्याकडे, "नीट हलव ना गो, बंदरापातुर दिसंल अशी."

मी हसायची, वायर हलायची, लाइट जायचा. "गेला!" तू कपाळाला हात लावायचीस. "तुझ्या हसण्यानं दत्ता गेला बघ." पुन्हा मान कलती करायची, पुन्हा फोन जागा व्हायची वाट बघायची, पुन्हा ह्यांचा फोन. आणि उचलताच त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, मला बाजूला बसून ऐकू यायचं: "हसली काय ती?"

आय, आज तुला सांगते. ती वायर दुरुस्त व्हावी असं मला कधी मनापासून वाटलं नाही. ती मोडकी होती म्हणून मला तिथे बसायला जागा होती. माझ्यावाचून फोन चालत नव्हता, आणि बोलावं तर लागत नव्हतं. ह्यांचा आवाज माझ्या बोटांतून तुझ्या कानात जातोय असं वाटायचं मला. तेवढं पुरायचं.

तुला मात्र मोडलेली वस्तू घरात बघवत नसे. बाजारात मोबाइलवाल्याकडून नवी वायर आणायची, ती आपल्या खाऱ्या हवेत आणि तुझ्या ओढाताणीत थोडे दिवस टिकायची, मग तिनं मान टाकली की तू डॉक्टर व्हायचीस. आधी चिकटपट्टी लावलीस. ती घामानं ओली होऊन सुटली आणि तुझ्या कानाला चिकटली. मग झाडूचे दोन हीर मोडून वायरीच्या दोन्ही बाजूंना लावलेस आणि वरून सूत गुंडाळलंस, कोंबडीचा पाय मोडल्यावर बांधतात तसं. केवढी खूश झालीस! "आता बघू कशी मोडते." तिसऱ्या रविवारी मोडलीच. पण जुन्या जागी नाही. हीर संपत होते बरोबर त्याच्या पुढे.

आणि ती नायलॉनची गंमत. आपल्या लोकांना दुसरं काय सुचणार? नायलॉनचा दोर कापला की त्याचं टोक काडीनं जाळायचं, म्हणजे ते वितळून गच्च होतं, उसवत नाही. जन्मभर दोर तसेच बंद केलेस. तीच खोड हाताला. तू वायरीच्या मानेवर जाळ्याचा नायलॉनचा तंगूस गुंडाळलास, दाबून दाबून, आणि शेवटी सवयीनं काडी ओढून टोकाला लावलीस. मी "आय, आय," म्हणेपर्यंत तंगूस वितळला आणि त्याच्याबरोबर वायरीची कातडीपण. पडवीत असा वास सुटला की शेजारून हाक आली, "काय गो, काय जळतंय?" तू तिथूनच ओरडलीस, "काय नाय, दत्ताची वायर शिजवतंय!" काळं बोट तोंडात घालून चोखत बसलीस, मग माझ्याकडे बघितलंस आणि आपण दोघी किती हसलो. लाइट जायची भीती नव्हती त्या दिवशी. वायरच उरली नव्हती.

तेव्हाच मी बोलले होते. मी कधी तुला शिकवायला गेले नाही, पण त्या दिवशी हसण्याच्या भरात तोंडातून निघून गेलं. म्हटलं, "आय, सगळीकडं सारखं घट्ट बांधलंस की मोडणारच. घट्ट संपतं तिथं मोडतं. पिनेपाशी घट्ट ठेव, मग हळूहळू ढिलं करत ने. वायरीला थोडं थोडं वाकू दे."

तू माझ्याकडे बघतच राहिलीस. एवढं लांब बोलणं माझ्याकडून ऐकायची सवय नव्हती तुला. मग विचारलंस, "हा कुठं शिकलीस?"

"बाबा वेल बांधायचे तसा," मी म्हटलं.

झालं. तुझ्या हातात कोलीतच दिलं मी. माझा बाप कोळ्याचा असून त्याला बोट लागायची. लाटेवर गेला की पोटातलं बाहेर. म्हणून तो चौलला सुपारीच्या वाड्यांत गडी म्हणून राहिला, पोफळीवर मिरीचे वेल चढवायचा. केळीच्या सालीच्या वाळक्या सोपटानं वेल बांधताना तो खालचा वेढा धरून ठेवणारा घ्यायचा आणि वरचे सैल सोडायचा. वाऱ्यात पोफळ हलणार, तिच्याबरोबर वेल हलला पाहिजे, नाहीतर बांधलेल्या जागीच तुटतो, म्हणायचा. लहानपणी मी सोपटं भिजवून द्यायची त्याला.

"बोट लागणाऱ्याची पोर मना गाठ शिकवणार!" तू म्हणालीस. "अगो, माझ्या हातची जाळी दर्यात गेलीत. जाळ्याची गाठ ढिली ठेवली तर मासा हसंल आपल्याला."

"जाळं येगळं, वायर येगळी," मी म्हटलं. पण इतक्या हळू, की तुला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. तू उठून चूल बघायला गेलीस. ते भांडण तिथेच राहिलं आपलं. तसं बघितलं तर ह्या घरात तुझ्याशी केलेलं ते माझं एकच भांडण.

मच्छीबाजारातसुद्धा तू मला कधी पुढे ढकललं नाहीस. मला भाव ओरडता यायचा नाही. गिऱ्हाईक समोर आलं की माझी जीभ टाळूला. तू मला मागे बसवलंस, कापायला आणि साफ करायला. एकदा कोणी बाई म्हणाली, "तुझी सून मुकी हाय काय गो?" तू कोयत्यावरून नजर न उचलता म्हणालीस, "हिला तोंड नाय, हात हाईत. तुझं उलटं हाय." ती बाई पापलेट न घेता गेली. मला तेव्हा वाईट वाटलं होतं, तोंड नाय म्हणालीस म्हणून. घरी येताना टोपली डोक्यावर घेऊन चालता चालता कळलं की त्यात माझी बाजू घेतलीस.

मग तुझी ती शेवटची वायर. बाजारातून येताना तूच आणलीस. पडवीत बसलीस, आणि ह्या वेळी तंगूस नाही, जुनं बारीक सूत काढलंस, तुझ्या सुईवर गुंडाळून ठेवलेलं. काडेपेटीही लांब ठेवलीस. मी आत भात बघत होते. तू मला पाठमोरीच दिसत होतीस, खांदे वरखाली होत होते, दातानं सूत तोडलंस. मग हाक मारलीस.

"सुमन, झाली गो. बघ."

मी दारात आले. तू वायर हातात धरून उभी होतीस, पण दाखवली नाहीस नीट. लगेच खिळ्याला अडकवलीस आणि माझ्याकडे वळलीस.

"आता तुझे दोन्ही हात मोकळे," तू म्हणालीस. "ह्या रविवारी तू बोल दत्ताशी. मी भाकऱ्या करते."

मी म्हटलं, "मी काय बोलू?"

"मना काय इचारतेस? नवरा तुझा हाय."

"तुझ्याशीच बोलतात ते."

"माझ्याशी बोलतो तो तुझ्यासाठी. एवढंही कळत नाय? म्हातारीची विचारपूस एका मिनिटात संपते त्याची. मग नुसता इचारत ऱ्हातो, ती हाय काय, ती बरी हाय काय, ती हसली काय." आणि मग आवाज खाली आणलास, तुझा आवाज खाली येतो हे मला माहीतच नव्हतं. "मी काय जन्माला पुरणार हाय काय गो तुला?"

मला राग आला होता तुझा, आय. खरंच आला होता. न विचारता माझी जागा काढून घेतलीस असं वाटलं. संध्याकाळी तुला भाकरी वाढताना मी दुसरीकडे बघत होते, ते तुझ्या लक्षात आलं असणारच. त्यानंतर ताप चढला तुला. रविवार यायच्या आधीच तू निघून गेलीस. ह्यांची बोट लांब पाण्यात होती, उतरता आलं नाही. रेश्मानं फोन धरला, त्यात बघितलं त्यांनी तुला शेवटचं. मी बायकांच्या मागे उभी होते. कोणीतरी म्हणालं, ह्यांना माझ्याशी बोलायचंय. मला पुढे जाता आलं नाही. बायका म्हणाल्या, रडतेय, राहू दे. मी रडत होते हेही खरंच होतं.

रेश्मा जाताना म्हणाली, "आई, मी रविवारी फोन करून सांगते बाबांना की तू झोपलीयस. की मी त्यांना माझ्याच फोनवर करायला सांगू दर वेळी? मी तुला निरोप देईन." चांगली पोर आहे. तिला माझी काळजी. तिनं असं म्हटलं आणि मला दिसलं की आता पुढे असंच होईल. ह्यांचं बोलणं उरणला जाईल, तिथून निरोप इथे येईल. कधी यायचा राहील. मग हळूहळू ते विचारायचेही थांबतील. तू गेलीस, आता तेही गेल्यासारखेच. मी रेश्माला म्हटलं, "नको. इथंच करू दे." म्हटलं खरं, आणि ती एसटीत बसल्यापासून मी रविवारपर्यंतचे दिवस मोजत होते.

तर आज सकाळी वायर काढली. बोर्डात लावली, दुसरी पिन फोनमध्ये घातली आणि हात मागे घेतला. काही नाही. काळा फोन. मी तिथेच पाटाशेजारी बसले. तुझ्या नव्हे, माझ्याच जागेवर. मनातल्या मनात वाटलं, नाही लागला तर बरंच. लगेच तुझ्यापुढे लाज वाटली. इतके दिवस उपाशी होता बिचारा फोन, वेळ घेणारच. मग एकदम लाइट लागला. मी वायरीला हातसुद्धा लावला नव्हता. फोन हलवून बघितला. वायर वाकली, लाइट गेला नाही. उचलून कानाला लावून बघितला, तरीही नाही.

चुलीवर कालवण होतं. ते उतरवलं, भाकऱ्या केल्या, एकटीनं जेवले, भांडी घासली. दुपार कलली आणि फोन वाजला. पहिल्यांदा वाजू दिला. बंद झाला. पुन्हा वाजला. ह्यांना सवयच आहे दोनदा करायची.

मी हिरव्यावर बोट ठेवलं.

"हॅलो," ते म्हणाले.

मी तोंड उघडलं होतं, आय. शपथ. पण काही बाहेर पडेना.

"हॅलो? आवाज येतोय काय?"

इंजिन घरघरत होतं. मग बराच वेळ तेही काही बोलले नाहीत. मला वाटलं ठेवतील. आणि एकदम मला कळलं की त्यांनाही काय बोलायचं ते ठाऊक नाही. त्यांच्याही वाटचं तूच बोलायचीस.

"सुमन," ते म्हणाले. फोनवर त्यांच्या तोंडून माझं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. "वायर धरून हाईस काय?"

"नाय," मी म्हटलं.

"मग?"

"आयनं बांधलीय."

त्यांचा श्वास ऐकू आला. मग विचारलं, "कशी बांधलीय?"

हे मला सांगता येण्यासारखं होतं. मी मान वाकवून बघितलं, दोन बोटांत वायर घेतली. म्हटलं, "सुतानं बांधलीय. पिनेपाशी एकदम घट्ट. येढ्याला येढा लावून, मधे नखसुद्धा जायचं नाय. शेवटचं टोक येढ्यांखालून ओढून घेतलंय, गाठ दिसतच नाय. आणि पुढं..."

बोट पुढे नेलं आणि थांबले.

"पुढं काय?" ते म्हणाले. "हॅलो? लाइट गेला काय?"

लाइट गेला नव्हता. पुढे वेढे एकमेकांपासून सुटत गेले होते. आधी थोडे, मग अजून लांब लांब, आणि शेवटचा तर इतका सैल की खाली वायर सहज वाकत होती. मिरीच्या वेलाला बांधावं तसे.

"पुढं ढिलं केलंय," मी म्हटलं.

"आयनं?" ते हसले. तू गेल्यानंतर हसले की नाही मला माहीत नाही, पण आज हसले. "आय आणि ढिलं? शक्य नाय. तिनं माझ्या चड्डीची नाडीपण कधी ढिली बांधली नाय."

"मी सांगितलेलं तिला. बाबा वेल बांधायचे तसं बांध म्हणून. तेव्हा भांडलो आम्ही."

"तू भांडलीस? आयशी?"

"थोडीशी," मी म्हटलं.

मग सांगितलं त्यांना सगळं. तंगूस जळाला ते, तू वायर शिजवतंय म्हणून ओरडलीस ते. ते तिकडे एवढे हसले की कोणीतरी त्यांना काय झालं म्हणून विचारत होतं. मग हसता हसता रडले. मग मीही. त्यांना ऐकू जाईल असं रडले. तुझ्या तापाचं सांगितलं, तू शेवटी पाणी मागितलंस आणि ते गार नाही म्हणून कुरकुरलीस तेही सांगितलं. हे सगळं माझ्याशिवाय दुसरं कोणी सांगणारं नव्हतं ना त्यांना.

मधेच म्हणाले, "हात दुखंल तुझा. सोड आता वायर."

मी बघितलं तर खरंच, सवयीनं तिची मान माझ्या दोन बोटांत होती. मी बोटं काढली. त्यांचा आवाज येतच होता.

तू मला दाखवायला हवी होतीस ती वायर, आय. दारात उभी राहून लपवलीस, माझं ऐकलंस हे कबूल करायला नको म्हणून. आणि मी त्या संध्याकाळी तुझ्याकडे न बघता भाकरी वाढली. दोघी सारख्याच की गो आपण.

फोन ठेवायच्या आधी ते थोडे घुटमळले. मग तुझाच प्रश्न विचारला, अगदी तुझ्यासारखा.

"जेवलीस काय?"

मी मान हलवली. त्यांच्याकडून काही येईना, इंजिन नुसतं घरघरत राहिलं, आणि मग माझ्या लक्षात आलं की ही मान हलली हे त्यांना सांगायला आता कोणी नाही.

"जेवले," मी म्हटलं. शेजारी ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.